सिलोनचें गाणें आणि आमचें सोवळें

गेल्या चातुर्मासांत पुण्यास मुलाकडे राहावयास गेलों असतांना एक लहानसा प्रसंग घडला. दुपारची वेळ होती. घरांतील कर्तीं माणसें आपापल्या कामावर गेलीं होतीं. नातीच्या खोलीवरून जातांना आंतून गाण्याचा आवाज आला म्हणून दार लोटलें, तों पोरीनें चपळाईनें आपला फोन उशीखालीं दडविला. गाणें तर उशीखालूनही चालूच होतें. तें मराठी नव्हतें, हिंदी नव्हतें, इंग्रजीही नव्हतें.

"काय ऐकतेस ग?" मीं विचारलें.

"कांहीं नाहीं, आजोबा. स्पॅनिश रेडिओ आहे."

"तुला स्पॅनिश येतें?"

"एक अक्षरही नाहीं," ती हंसून म्हणाली. मग थोडी ओशाळून पुढें म्हणाली, "मध्यें मध्यें साबणाच्या नि मोटारींच्या जाहिराती लागतात, त्यासुद्धां मी ऐकतें. पण बाबांना सांगूं नका हं. अभ्यासाच्या वेळीं असलें उथळ कांहीं तरी ऐकतें, म्हणतील."

'सांगूं नका हं' हे तिचे शब्द ऐकले आणि मी दाराशींच क्षणभर उभा राहिलों. अगदीं हेच शब्द सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका घरांत, दुसऱ्या एका व्यक्तीनें मला म्हटले होते. त्या वेळीं मीं ते पाळले नाहींत. ती हकीकत आज या पानावर सांगावी असें मनांत आहे. वाचक-भगिनींना ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मला मात्र ती अद्याप क्षुल्लक वाटत नाहीं.

जुन्नर तालुक्यांतील पिंपळवंडी हें आमचें गांव. पुण्याहून नाशिकला जाणारी सडक नारायणगांव सोडून आळेफाट्याकडे निघाली, कीं वाटेंत तें लागतें; कुकडीचें पाणी जवळच आहे. माझे वडील, अण्णा, त्या गांवीं वैद्यकी करीत. १९५४ सालच्या दिवाळींत त्यांनीं पुण्याहून रेडिओ आणला. वाड्यांत तोंवर वीज आलेली नव्हती, म्हणून यंत्र बॅटरीवर चालणारें होतें. कौलांवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्यें तांब्याची तार ताणली, टपाल कचेरींतून परवान्याचें पुस्तक आणलें, आणि माजघरांतील कोनाड्यांत, गणपतीच्या तसबिरीखालीं, त्या यंत्राची स्थापना झाली. बॅटरी चांगली विटेएवढी असे. ती संपली कीं पुण्याहूनच आणावी लागे आणि तिची किंमत अण्णांच्या मिळकतीस चांगलीच जाणवे. त्यामुळें रेडिओ केव्हां लावावयाचा व केव्हां नाहीं, याचे नियम एकादशीच्या नियमांहूनही कडक होते. सकाळ-संध्याकाळच्या बातम्या, शनिवारीं रात्रीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आणि एखादें कीर्तन. एवढ्यालाच परवानगी होती. सिनेमाचें गाणें घरांत लागावयाचें नाहीं, हा नियम तर कोणीं उच्चारण्याचीही गरज नव्हती.

या नियमांत अण्णा एकटे नव्हते. खुद्द दिल्ली सरकारचेंही त्या काळीं हेंच मत होतें. १९५२ सालीं नभोवाणी खातें डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलें आणि पुढें दहा वर्षें तें त्यांच्याकडेच राहिलें. केसकर मोठे विद्वान् व संगीताचे जाणते होते. चित्रपटगीतांनीं देशाची अभिरुचि बिघडत आहे, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्यांनीं आकाशवाणीवरील त्या गाण्यांना कात्री लावली. चित्रपट-निर्मात्यांशीं असलेला व्यवहारही फिसकटला. आणि पाहतां पाहतां सरकारी केंद्रांवरून सिनेमाचें गाणें जवळजवळ नाहींसें झालें. त्यांच्या बाजूनें सांगावयाचें तें हें, कीं शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच अमदानींतला. ज्या खेड्यांतून थोर गवयांचें नांव फक्त कानांवर यावयाचें, तेथें त्यांचा प्रत्यक्ष स्वर त्या कार्यक्रमानें पोंचविला. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु कान हें इंद्रिय मोठें विलक्षण आहे. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. आणि एका दिशेनें त्यांना अडविलें तर ते दुसऱ्या दिशेनें वाट काढतात. विलायतेंतही हेंच झालें होतें. तेथील बी. बी. सी.चे प्रमुख जॉन रीथ यांनीं रविवारचा दिवस धार्मिक व गंभीर कार्यक्रमांसाठीं राखून ठेविला, तेव्हां इंग्रज कुटुंबें रविवारीं निमूटपणें लक्झेंबर्गचें व्यापारी केंद्र लावून बसूं लागलीं. १९३३ सालापासून तें केंद्र साबण व औषधें यांच्या जाहिरातींच्या जोरावर समुद्रापलीकडून इंग्लंडला नाचाचीं गाणीं ऐकवीत होतें.

आमचें लक्झेंबर्ग म्हणजे सिलोन. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांच्या सैन्यासाठीं कोलंबोजवळ एक बलाढ्य प्रक्षेपक यंत्र उभारण्यांत आलें होतें. युद्ध संपल्यावर तें सिलोनच्या नभोवाणीकडे आलें, आणि तिनें त्यावर व्यापारी कार्यक्रम सुरू केले. लघुलहरींचा गुण असा, कीं त्या वातावरणाच्या अगदीं वरच्या, विद्युद्‌भारानें युक्त अशा थरावर आपटून पुन्हां खालीं येतात. म्हणून कोलंबोचा आवाज समुद्र, डोंगर नि सरकारी धोरण या तिहींना ओलांडून सुमारें दीड हजार किलोमीटरांवरच्या पिंपळवंडीच्या माजघरांत उतरे. येतांना तो थोडा डोले, मध्येंच खोल जाई, पुन्हां वर येई. जणुं काय लाटांवरून होडीच येत आहे.

त्या केंद्रावर बुधवार, ३ डिसेंबर १९५२ रोजीं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका हें दांत घासण्याच्या पेस्टचें नांव. कार्यक्रम मुंबईंत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोस जात, आणि तेथून दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां तो सगळ्या हिंदुस्थानावर पसरे. निवेदक अमीन सयानी. कार्यक्रम सुरू झाला तेव्हां ते पुरतें वीस वर्षांचेही नव्हते. त्यांची आई कुलसुम सयानी 'रहबर' नांवाचें पाक्षिक देवनागरी, गुजराती व उर्दू अशा तीन लिप्यांत काढीत असे, आणि त्या कामांत मुलगा हाताशीं असे. सोप्या, सर्वांना समजेल अशा हिंदुस्तानींत बोलण्याची त्यांची हातोटी त्या घरगुती शाळेंतली होती.

आतां आमच्या आत्येविषयीं सांगितलें पाहिजे. ती अण्णांची थोरली बहीण. १९१८ सालच्या मानमोडीच्या साथींत तिचें कुंकू पुसलें, तेव्हां ती चौदा वर्षांची होती. नवऱ्याचें तोंड तिनें धड पाहिलेंही नव्हतें. त्यानंतर ती माहेरीं परत आली ती कायमची. डोक्यावरून लाल अलवण, हातांत जपमाळ, आणि पहाटेपासून रात्रींपर्यंत काम. आम्हां भावंडांना तिनेंच वाढविलें. घरांत तिला मान होता, नव्हता असें नाहीं. अण्णा तिला विचारल्यावांचून कोणतेंही धर्मकृत्य करीत नसत. परंतु हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावीत नसे, पंगतींत तिचें पान सर्वांच्या शेवटीं मांडलें जाई, आणि सकाळीं कोणी शुभकार्याला निघालें कीं ती आपण होऊन दाराआड होई. आपल्या घरांतून हें सारें इतक्या सहजपणें चाले, कीं त्यांत कोणावर अन्याय होतो आहे असें कोणाच्या स्वप्नांतही येत नसे.

अण्णा रोज रात्रीं जेवण आटोपून, साडेसातच्या सुमारास, गांवांतील एका स्नेह्याकडे बुद्धिबळ खेळावयास जात आणि नऊला परत येत. एका बुधवारीं मीं ही संधि साधून रेडिओचें बटण फिरविलें आणि सिलोन शोधून काढलें. शाळेंतील मुलांकडून त्याची कीर्ति ऐकली होती. आवाज अगदीं लहान ठेवला होता, तरी माजघराच्या दारांत आत्या येऊन उभी राहिली. आतां बोलणीं खावीं लागणार म्हणून मीं हात पुढें केला, तों ती म्हणाली, "राहूं दे. काय म्हणतो तो?"

अमीन सयानी श्रोत्यांना उद्देशून म्हणत होते : बहनो और भाइयो.

मीं अर्थ सांगितला. तो हिंदी शिकणाऱ्या पोराला सांगतां येण्याजोगा सोपाच होता. आत्या थोडी थांबली आणि म्हणाली, "बहिणींना आधीं हांक मारली मेल्यानें."

तेवढेंच बोलून ती दाराच्या आडोशाला, अंधारांत, भिंतीला टेकून बसली. पुढच्या बुधवारीं मी लावण्यापूर्वींच ती येऊन बसली होती. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आमचा हा नेम चालला. तिच्या हातांत माळ असे. गाणें सुरू झालें कीं मणी तालावर सरकूं लागत, हें तिच्या ध्यानांतही येत नसे. 'अनारकली'चीं गाणीं तिला फार आवडत. त्यांची चाल बांधणारे सी. रामचंद्र म्हणजे आपलेच रामचंद्र चितळकर आणि गाणारी लता म्हणजे मास्तर दीनानाथांची मुलगी, हें सांगितल्यावर तिला केवढें समाधान वाटलें! जणुं कांहीं त्या गाण्यांना सोंवळें नेसवूनच घरांत घेतलें. 'नागिन'मधील पुंगी सुरू झाली कीं मात्र ती घाबरून म्हणे, "आवाज लहान कर रे, परसांत वारूळ आहे." ती पुंगी नव्हतीच, कल्याणजी यांनीं क्लॅव्हिओलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर तो स्वर काढला होता. पण हें मला कळलें तेव्हां सांगावयास आत्या उरली नव्हती.

नऊ वाजावयास आले कीं ती उठे, सुई पुन्हां पुण्याच्या खुणेवर आली आहे याची खात्री करून घेई, आणि जातां जातां म्हणे, "अण्णांना सांगूं नकोस हं."

हें सारें चालू असतांनाच, १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीला, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. माडगूळकरांचीं पदें आणि सुधीर फडके यांच्या चाली. दर आठवड्याला नवें गीत, असें वर्षभर छप्पन्न गीतांचें पारायण चाललें. शुक्रवारीं सकाळीं आमच्या घरीं रेडिओला फूल वाहिलें जाई. आत्या स्नान करून, हात जोडून, यंत्रासमोर सर्वांच्या देखत बसे. म्हणजे शुक्रवारीं सकाळीं प्रकाशांत आणि बुधवारीं रात्रीं अंधारांत, अशी एकच बाई एकाच यंत्रापुढें बसत होती. मला पुढें कळलें, कीं सुधीर फडके सिनेमालाही चाली देतात, आणि लताबाईंचा स्वर गीतरामायणांतही आहे. गाणारे तेच, चाली बांधणारेही तेच; सोवळें आणि ओवळें फक्त आमच्या माजघरांत होतें.

आतां जें सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतों.

१९५६ सालच्या पावसाळ्यांत एका शनिवारीं राष्ट्रीय कार्यक्रमांत कोणा मोठ्या गवयाचें गाणें होतें. अण्णांनीं चार स्नेह्यांना मुद्दाम बोलाविलें होतें. सतरंजी अंथरली, पानसुपारीचें तबक ठेवलें, कंदिलाची कांच पुसली. आणि अण्णांनीं बटण फिरविलें, तों यंत्र मुकें. बॅटरी संपली होती. ती पुरतीं तीन महिनेही झालीं नव्हतीं आणून. अण्णांनीं माझ्याकडे पाहिलें व शांतपणें विचारलें, "मी नसतांना रेडिओ कोण लावतें?"

मी बारा वर्षांचा होतों. चार पाहुणे माझ्याकडे पाहत होते. मीं म्हणालों, "आत्येला सिलोन ऐकायचें असतें. दर बुधवारीं."

यांतला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी हें सगळें खोटें होतें. बटण फिरविणारा मी होतों. पहिल्यानें लावणारा मी. बुधवारची वाट आठवडाभर पाहणाराही मी. पण वाक्याच्या आरंभीं मीं आत्येला उभें केलें आणि स्वतः तिच्यामागें लपलों. पाहुण्यांपैकीं एक गृहस्थ मोठ्यानें हंसून म्हणाले, "वा! अक्का आतां सिनेमाचीं गाणीं ऐकूं लागल्या तर!" बाकीचेही हंसले. अण्णा हंसले नाहींत. "असूं द्या," एवढेंच म्हणाले, आणि त्यांनीं विषय बदलला. माजघराच्या दाराआड अलवणाची कड मला दिसत होती; ती हळूच आंत गेली.

आत्या मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. पुढच्या आठवड्यांत नवी बॅटरी आली. बुधवारीं अण्णा बाहेर पडल्यावर मी स्वयंपाकघरांत गेलों. ती दिव्याच्या उजेडांत वाती वळीत बसली होती. "आत्या, आठ वाजले," मी म्हणालों. तिनें मान वर केली नाहीं. "तूं ऐक, बाळ. माझी माळ राहिली आहे आज." त्यानंतर कोणत्याही बुधवारीं तिची माळ राहिली नाहीं असें झालें नाहीं.

३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारनें 'विविध भारती' सुरू केली. सिलोनकडे वळलेले कान परत आणावयाचे तर चित्रपटगीतांवांचून गत्यंतर नाहीं, हें केसकरांच्याच अमदानींत मान्य करावें लागलें. त्या दिवाळींत अण्णांनीं स्वतः रेडिओ लावला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अक्का, ये ना. आतां हें आपल्या सरकारचेंच आहे." अण्णांच्या स्वभावाच्या माणसानें क्षमा मागावयाची ती याहून अधिक स्पष्टपणें मागितली नसती. आत्या दारापर्यंत आली, दोन क्षण उभी राहिली, आणि म्हणाली, "तुम्ही ऐका. मला आतां कळत नाहीं त्यांतलें." १९६१ सालीं ती वारली. मधल्या काळांत तिनें पुन्हां गाणें ऐकलें असल्यास तें मला ठाऊक नाहीं.

पुष्कळ वर्षें मी स्वतःची समजूत घालीत आलों, कीं दोष त्या काळाचा, रूढीचा, फार तर केसकरांच्या धोरणाचा. पण धोरणानें आत्येचें कांहीं बिघडविलें नव्हतें. धोरण असतांनाही ती दीड वर्ष ऐकत होती. अण्णांच्या नियमानेंही बिघडविलें नव्हतें. त्यालाही तिनें वाट काढली होती. बिघडविलें तें त्या हंसण्यानें, आणि त्या हंसण्याच्या हातीं तिला देणाऱ्या माझ्या वाक्यानें. निषिद्ध गोष्ट करतां येते. हास्यास्पद ठरलेली गोष्ट करतां येत नाहीं. विशेषतः ज्या बाईला हंसून उत्तर देण्याचा अधिकार घरानें कधीं दिलेला नाहीं, तिला तर नाहींच.

आणखी एक गोष्ट मोठेपणीं कळली. नारायणगांव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तें तमाशाच्या फडांचें माहेरघर. तेथील विठाबाई नारायणगांवकर यांचें नांव पुढें महाराष्ट्रभर झालें व राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा सन्मानही झाला. पण आमच्या लहानपणीं पांढरपेशा घरांत तमाशाचा उच्चारही होत नसे. त्या रात्रीं मोठ्यानें हंसणारे ते गृहस्थ जत्रेच्या दिवसांत, उपरण्यानें तोंड झांकून, नारायणगांवच्या तंबूंत जाऊन बसत. हें सगळ्या गांवाला ठाऊक होतें आणि ते स्वतःही रंगांत आले कीं तें फुशारकीनें सांगत. पुरुषाची चोरी ही कालांतरानें गंमत होते. बाईच्या चोरीला मात्र तसा दिवस येत नाहीं. हा हिशेब कोणत्याही स्मृतींत लिहिलेला नाहीं, पण आमच्या ओसरीवर तो रोज मांडला जात असे.

अलीकडे एकदां गांवीं गेलों, तेव्हां वाट वाकडी करून खोडदला जाऊन आलों. नारायणगांवच्या जवळच्या त्या माळावर महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या एकंदर तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागीं दाटीनें आणि बाकीच्या दूरवर तीन रांगांत पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून तें काम साकार झालें. आकाशांतून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या लहरी इतक्या क्षीण असतात, कीं आसपासच्या एखाद्या साध्या यंत्राच्या खरखरीनेंही त्या बुडून जातात; म्हणून, अशी खरखर जेथें कमी, असा हा मुलूख निवडला गेला. तेथल्या मार्गदर्शकानें हें सांगितलें आणि मला आमचें माजघर आठवलें. एक माणूस पन्नाशींत पहिल्यांदा स्वतःसाठीं कांहीं ऐकूं पाहत होतें. त्याला थोडी शांतता हवी होती, एवढेंच.

२० फेब्रुवारी २०२४ रोजीं अमीन सयानी निवर्तले. वर्तमानपत्रांतून त्यांच्याविषयीं पुष्कळ चांगलें लिहून आलें. 'बहिणी'ला आधीं हांक मारण्याची त्यांची रीत पुष्कळांनीं आठवली. मला वाटलें, आपण कोणाच्या घरांत, कोणत्या दाराआड ऐकले जात होतों, हें त्यांना कधीं समजलें नसेल.

तर नातीच्या खोलीच्या दाराशीं मी उभा होतों. आंत जाऊन तिच्या खुर्चीवर बसलों आणि म्हणालों, "उशीखालून काढ तो. नीट ऐकूं येत नाहीं."

पोरीनें माझ्याकडे संशयानें पाहिलें, मग फोन काढून आम्हां दोघांच्या मध्यें ठेवला. गाणें संपून जाहिरात लागली. एक बाई मोठ्या लगबगीनें कसला तरी माल विकत होती. आम्हांला दोघांनाही त्यांतलें कांहीं कळलें नाहीं. पुढचें गाणें मात्र ठेक्याचें होतें. मुलगा संध्याकाळीं घरीं आला आणि दिवसभर काय केलेंत म्हणून विचारूं लागला. नात ताटें मांडतां मांडतां थबकली.

"कांहीं नाहीं," मीं सांगितलें, "मला रेडिओ ऐकावासा वाटला, म्हणून हिच्याकडून लावून घेतला."